आडे मॅडमनी तपासलेला काटा

हेवा करायला माणूस जवळचा लागतो. माझ्याबरोबर शिकलेली मुलं आज पुण्यात आणि हैदराबादेत मोठमोठ्या पदांवर आहेत. त्यांच्या बातम्या कानावर आल्या की मी मनापासून ‘वा’ म्हणतो आणि चहा पितो. त्यांचं मला काही वाटत नाही. पण दिग्रसला एका कृषी केंद्राच्या माडीवर माझ्या टेबलाला टेबल लावून बसणाऱ्या शारदा आडेचा हेवा मी आजवर मोठ्या निगुतीनं सांभाळला आहे. मध्ये एकदोनदा तो आपोआप कमी व्हायला लागला होता, तेव्हा मला चुकल्याचुकल्यासारखं झालं.

आमचं ऑफिस म्हणजे माडीवरची एक लांबट खोली. खाली खतांचं आणि फवारणीच्या औषधांचं दुकान. औषधांचा वास जिन्यानं वर यायचा आणि डब्यातल्या भाजीलासुद्धा लागायचा. मालक बोरकर सर. नागपूरची बरी चाललेली नोकरी सोडून गावी परतलेले, आणि जिनिंगवाल्यांसाठी, म्हणजे कापसातून सरकी काढणाऱ्या गिरण्यांसाठी, सॉफ्टवेअर करायचं हे खूळ डोक्यात घेतलेले. कापसाची गाडी जिनिंगच्या फाटकातून आत आली की तिला टोकन. मग ग्रेडर कापूस चिमटीत धरून त्याची प्रत ठरवणार. मग भरल्या गाडीचं काट्यावर वजन, कापूस गंजीवर खाली, रिकाम्या गाडीचं पुन्हा वजन, आणि शेवटी पावती. हे सगळं कॉम्प्युटरवर आणायचं होतं. यातला काटा मी लिहिला होता, एकट्यानं. तो भाग सगळ्यात अवघड होता हे मी येणाऱ्याजाणाऱ्याला सांगत असे.

गावातल्या एका मोठ्या जिनिंगच्या शेठनी सरांना बजावलं होतं: खरेदीच्या मुहूर्ताला तुमचा काटा चालला तर हंगामभर चालेल, अडकला तर त्याच दिवशी नागपूरच्या सॉफ्टवेअरवाल्यांना फोन. म्हणजे माडीवरचं ऑफिस राहणार की उठणार, हे माझ्या काट्यावर होतं. ती कापसाची वाईट वर्षं होती. आमच्या जिल्ह्याचं नाव पेपरात यायचं ते एकाच कारणासाठी यायचं. काट्यासमोर माणसं श्वास धरून उभी राहायची, आणि आकड्यात एवढीशी शंका आली तरी आवाज चढायचे. अशा वर्षात माझा काटा शंभर गाड्यांसमोर चालणार, या कल्पनेनं मला झोपेतही गुदगुल्या व्हायच्या. मुहूर्ताला तीनेक महिने होते. तेवढ्यात शारदा आली.

महागावकडच्या एका तांड्यावरची. पुसदला इंजिनिअरिंग केलेली. मुलाखतीला मीही बसलो होतो, कारण खोलीत दुसरीकडे बसायला जागा नव्हती.

“प्रोग्रामिंग येतं ना?” सरांनी विचारलं.

“येते ना सर. पण मले प्रोग्राम लिहाचा नाही. लिहिलेला तोडाचा आहे.”

सर हसले. मी हसलो नाही, कारण लिहिलेला माझा होता.

उंच, हाडापेरानं मोठी, आणि आवाज असा की वर बोलली तर खाली दुकानातलं गिऱ्हाईक मान वर करायचं. पंजाबी ड्रेसवर पांढरे खेळाचे बूट आणि मनगटावर पुरुषी घड्याळ. हसली की टेबलावर थाप. विनय नावाची वस्तू तिच्या सामानात नव्हती. आपण हुशार आहोत हे तिला ठाऊक होतं आणि ते लपवण्यात वेळ घालवणं तिला मूर्खपणाचं वाटायचं. मलाही मी हुशार आहे हे ठाऊक होतं, पण मी ते दुसऱ्यांनी म्हणावं म्हणून वाट बघत बसायचो. या एका फरकापायी मी किती दुपारी जळलो असेन!

नवी खुर्ची दिसली की आधी हलवून बघायची, मग बसायची. खालच्या टपरीवर दोन चहा सांगायची आणि चहावाला ओतायला लागला की म्हणायची, “एक कमी करा.” तो थांबला की, “नाही नाही, राहू द्या दोन.” चहावाला शेवटी वैतागून म्हणाला, “मॅडम, तुमी चहा प्याले येता का माझी परीक्षा घ्याले?” त्यावर ती टपरी हादरेल इतकी हसली. बटण दाबायचं झालं तर कधी एकदा दाबलं नाही. “माणूस दोनदा दाबते भाऊ. घाईत असला का तीनदा दाबते. तुमच्या प्रोग्रामनं पावत्या तीन देल्ल्या तर?” माझ्या प्रोग्रामनं तीन दिल्या. पहिल्याच आठवड्यात.

तिचं काम काय, हे सरांनाही आधी नीट कळलं नव्हतं. मी माझा तुकडा तपासायचो. वजन घे, वजाबाकी कर, उत्तर बघ, बरोबर. टोकनचा तुकडाही तपासलेला, पावतीचाही. शारदा म्हणाली, “तुकडे बराबर आहेत हो. पण गाडी काय तुकड्यातुकड्यानं येते काय? फाटकातून शिरते आन फाटकातून निंगते.” आणि तिनं अशा टेस्ट लिहायला घेतल्या की कॉम्प्युटर स्वतःच पडदा उघडायचा, स्वतःच टोकन काढायचा, प्रत भरायचा, वजन घ्यायचा, पावती छापायचा, जिनिंगमधला कारकून करील अगदी तसं, फाटकापासून फाटकापर्यंत. सगळं जुळलं तर शेवटी हिरवी पट्टी, कुठेही खटकलं तर लाल. माणसाचा हात न लागता पडद्यावर अक्षरं उमटतात हे बघायला खालच्या दुकानातली माणसं बियाण्याची पिशवी काखेत धरून वर यायची. एक म्हातारा दरवाज्यातून पुढे आलाच नाही. म्हणाला, “मी अठूनच पाह्यतो बाई.”

मी काटा लिहिला होता, महिनोन्महिने खपून. तो बघायला कधी कुणी जिना चढलं नव्हतं.

तिच्या प्रत्येक टेस्टमध्ये एक शेतकरी असायचा. खोटा, तिनं बनवलेला. पण ती त्यांच्याबद्दल चुलत-मावस नात्यातल्या माणसांसारखी बोलायची. धनसिंग तापट, सीताबाईचं टोकन हरवतं, रामधनचा ट्रॅक्टर जुना आणि तो भलत्याच फाटकातून येतो. सकाळी आल्या आल्या म्हणायची, “वानखडे भाऊ, तुमच्या काट्यानं काल सीताबाईले रिकाम्या हातानं वापस पाठोलं.” टेस्ट सुरू होताना शेतकरी नवा जन्मायचा आणि संपताना पुसला जायचा. मी एकदा म्हणालो, कशाला रोज नवा? एकच ठेवा ना, सगळ्या टेस्टना पुरेल. तिनं माझ्याकडे कीव केल्यासारखं पाहिलं. “एकाच्या ताटात सगळे जेवले तर कोणी काय सांडलं हे कसं समजन?” मग अधूनमधून ती सगळ्या टेस्ट उलट्या क्रमानं चालवायची, शेवटची आधी, पहिली शेवटी. कुणी कुणाच्या आधारानं तर उभं नाही ना, एवढंच बघायला. मला हे सुचलं नव्हतं याचा राग मी तिनं आणलेल्या भाकरीवर काढायचो. म्हणजे तिच्याच डब्यातली जास्त खायचो.

एका शनिवारी मला संधी मिळाली. सर म्हणाले म्हणून मी पडद्यावरचं ‘वजन घ्या’ बटण डावीकडून उजवीकडे हलवलं. सोमवारी सगळ्या टेस्ट लाल. प्रोग्राम ठणठणीत चालत होता आणि तिची फौज आडवी पडलेली. मी आवाजात शक्य तेवढी काळजी आणून म्हणालो, “मॅडम, एक बटण हललं तर हे हाल. मुहूर्ताला काय होईल?”

मला वाटलं, भांडेल. निदान तोंड तरी उतरेल. ती पडद्याकडे बघत राहिली आणि खाली दुकानापर्यंत जाईल अशा आवाजात म्हणाली, “माझी चुकली! लय बावळट टेस्ट लिहिली मी. जागा पाहून बटण दाबून राह्यली ते. कारकून काय जागा पाह्यते? तो तर नाव वाचते.” आणि दुपारपर्यंत तिनं टेस्टला बटणाची जागा विसरायला लावली, त्यावरचे शब्द वाचायला शिकवले. मग मला म्हणाली, “हलवा आता कुठी हलवाचं ते.” मी पुन्हा हलवलं. हिरवी पट्टी आली.

खरं सांगायचं तर ‘माझी चुकली’ हे दोन शब्द ती ज्या दणक्यात म्हणाली, त्याचाच मला सगळ्यात जास्त हेवा वाटला. माझ्या तोंडून ते कधी आले तर आधी घसा खाकरावा लागतो, मग ‘तसं पाहिलं तर’ म्हणावं लागतं, आणि तोवर समोरचा निघून गेलेला असतो.

पण खरी मजा पुढे आली. माझी मजा. तिच्या टेस्ट बेभरवशाच्या निघाल्या. सकाळी हिरव्या, दुपारी लाल, पुन्हा चालवल्या की हिरव्या. कोडमध्ये अक्षरही बदललेलं नसायचं. दिग्रसला तेव्हा लोडशेडिंग होतं. वीज गेली की आमचा सर्व्हर इन्व्हर्टरवर धापा टाकायचा आणि त्या वेळात टेस्ट हमखास पडायच्या. सर चिडू लागले. मुहूर्त तोंडावर आलेला, आणि रोज लाल पट्टी बघून त्यांचं जेवण कमी झालं होतं. “आडे, लांडगा आला रे आला झालंय हे,” असं ते म्हणाले तेव्हा मी खिडकीकडे तोंड करून बसलो होतो, कारण माझा चेहरा त्या प्रसंगाला शोभेसा नव्हता.

शारदानं आधी स्वतःचीच मानगूट धरली. टेस्टमध्ये तिनं ठिकठिकाणी ‘पाच सेकंद थांब’ असं लिहिलं होतं. वीज असली की पाच सेकंद पुष्कळ व्हायचे आणि इन्व्हर्टरवर कमी पडायचे. “घड्याळाकडे पाहून काहून थांबून राह्यली मी?” ती स्वतःलाच झापत होती. “पावती आली का नाही ते पाह्यले पायजे ना! आली का चाला पुढं. नाही आली तं थांबा.” तिनं सगळी थांबणी उपटून काढली आणि जागोजागी ‘अमुक दिसेपर्यंत थांब’ असं लिहिलं. दोनतीन दिवस ती कुणाशी बोलली नाही. आईचा फोन आला तर “याडी, नंतर” एवढंच म्हणून ठेवून द्यायची. मग लाल पट्ट्या गेल्या. वीज जावो, येवो, हिरवं ते हिरवंच.

एक सोडून.

ती साझ्याच्या गाडीची टेस्ट होती. तांड्यावर तीनचार घरं मिळून एक ट्रॅक्टर-ट्रॉली करतात. प्रत्येक घराचा कापूस वेगळा राहावा म्हणून मध्ये जुनी लुगडी लावलेली असतात. काट्यावर आधी पूर्ण ट्रॉलीचं वजन होतं, मग एका घराचा कापूस गंजीवर उतरवून पुन्हा वजन, जेवढं कमी झालं तो त्या घराचा. मग दुसरं घर, मग तिसरं. हे मला माहीत होतं, आणि त्यासाठी मी एक युक्ती केली होती जिचा मला फार अभिमान होता. ट्रॉली दर खेपेला परत आली की कारकुनानं पुन्हा टोकन का टाकावं? प्रोग्रामनंच ओळखावं: काट्यावर शेवटी जी गाडी होती, तीच परत आली आहे. कारकुनाचे कष्ट वाचले. सरांनी पाठ थोपटली होती.

ही टेस्ट दहादा हिरवी यायची आणि मध्येच एकदा लाल.

“काढून टाका ना ती सध्या,” सर म्हणाले. “मुहूर्त होऊ द्या, मग पाहू.”

“काढते ना सर. पण आधी मले समजू द्या. एकच टेस्ट आता हो म्हणते, घडीभरानं नाही म्हणते. म्हंजे कोणतरी एक खोटं बोलून राह्यलं. मी असो का वानखडे भाऊचा काटा असो. मले त्याचं नाव पायजे.”

“नाव कशाला शोधता,” मी म्हणालो. “सगळ्यांना माहीत आहे टेस्ट कुणाच्या आहेत ते.”

ती हसली नाही. मुहूर्त पुढल्या आठवड्यावर होता, आणि सरांनी विचारलं की काटा पाठवायचा का, तेव्हा ती उभी राहून म्हणाली, “मी हो म्हणणार नाही.” सरांनी मला विचारलं. मी अर्थात हो म्हणालो. आता कुणाचं ऐकायचं, हा प्रश्न त्या माडीवर पहिल्यांदाच इतका उघडा पडला होता. सरांनी बराच वेळ टेबलावरचा पेपरवेट फिरवला आणि म्हणाले, “आडे, उद्या दुपारपर्यंत.” तिला मुदत मिळाली. म्हणजे माझं ऐकलं गेलं नाही. ती दुपार मला अजून टोचते.

दुसऱ्या दिवशी तिनं साझ्याची टेस्ट एकटीच चालवली. हिरवी. पुन्हा चालवली, हिरवी. मग धनसिंगच्या टेस्टबरोबर चालवली, हिरवी. सीताबाईच्या टेस्टबरोबर लावली आणि लाल पट्टी आली. सीताबाई बैलबंडीनं येणारी. वेळ वाचावा म्हणून ती टेस्ट एकाच वेळी चालवायची, आणि या दोन्ही शेजारी शेजारी चालताना कधीकधी सीताबाईची बंडी नेमकी ट्रॉलीच्या दोन वजनांच्या मध्ये शिरत होती.

शारदा खुर्चीवरून उठली, खाली दुकानात गेली आणि सरकीच्या तीन पिशव्या उसन्या घेऊन आली. सरांना म्हणाली, “सर, तुमी काटा. मधात उभे राहा.” बोरकर सर खोलीच्या मध्यावर उभे राहिले. चाकाच्या खुर्चीवर तिन्ही पिशव्या ठेवून तिनं ती त्यांच्यासमोर ढकलली. “हे आमची ट्रॉली. झालं वजन? आता एका घराचा कापूस खाली.” एक पिशवी तिनं कोपऱ्यात नेऊन टाकली. “ट्रॉली वापस येऊन राह्यली. वानखडे भाऊ, तुमी बंडी. या.”

“मी बंडी?”

“हो ना. बैल उन्हात उभे आहेत तुमचे. आमच्या इकडं ट्रॅक्टरवाला बंडीले पुढं जाऊ देते. ट्रॅक्टरले काय ऊन लागते? माझा बा तर खाली उतरून बैलाले हात लावून पुढं घेते.”

मी दोन्ही हात पुढे धरून, जू असल्यासारखा, बोरकर सरांसमोर जाऊन उभा राहिलो. खालून दोन गिऱ्हाइकं वर आली होती.

“झालं बंडीचं वजन? आता मी ट्रॉली घेऊन आली. सांगा काट्यानं, शेवटची गाडी कोणती?”

सरांनी माझ्याकडे बोट केलं. शेवटची गाडी मी होतो. माझा प्रोग्राम ट्रॉलीला बंडी समजणार होता, आणि तांड्यावरच्या पहिल्या घराचा कापूस बंडीवाल्याच्या नावावर जाणार होता, किंवा कुणाच्याच नाही. मुहूर्ताच्या गर्दीत, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत. यवतमाळ शहरात वाढलेल्या मला बैलांसाठी वाट देतात हे कुठून कळणार? पण हे मी बोललो नाही, कारण ती लगेच म्हणाली असती की टेस्टला तरी कुठं माहीत होतं.

“माझी नव्हती ते लाल,” ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच खाली दुकानापर्यंत गेला नाही. तिला माझी दया आली होती, आणि ती मला तिच्या हसण्यापेक्षा जड गेली.

मी युक्ती काढून टाकली. प्रत्येक खेपेला टोकन, सरळ, कुठली हुशारी नाही. तिनं टेस्ट बदलली: आता बंडी नशिबानं मध्ये यायची नाही, दर वेळी मुद्दाम मध्ये घातली जायची. हिरवी. उलट्या क्रमानं चालवली, हिरवी. वीज गेली, इन्व्हर्टर कण्हला, तरी हिरवी. “पाठवा आता काटा,” ती सरांना म्हणाली. माझा काटा.

मुहूर्ताच्या दिवशी माझ्या मनाची जी अवस्था होती ती मी कुणाला नीट सांगू शकलेलो नाही. प्रोग्राम माझा. तो पडला तर ऑफिस उठणार आणि माझी नोकरी जाणार. पण तो पडला तर तिची हिरवी पट्टीही खोटी ठरणार. काट्याला हार घातला, नारळ फुटला, पहिल्या गाडीवाल्याला शेला दिला, आणि काट्यावरचे लतीफभाई कॉम्प्युटरसमोर बसले. मी देवाला हात जोडले तेव्हा नेमकं काय मागितलं, ते देवालाही कळलं नसेल.

दुपारी साझ्याची ट्रॉली आली. पहिल्या घराचा कापूस उतरवून ती परत फिरली, तेवढ्यात मागून बंडी. ट्रॅक्टरवाल्यानं हात केला, बंडी पुढे गेली. लतीफभाईंनी बंडीचं वजन घेतलं, मग ट्रॉलीचं टोकन टाकून ट्रॉलीचं. पावत्या निघाल्या. कुणी काही म्हटलं नाही, कारण म्हणण्यासारखं काही घडलंच नव्हतं. तिथे उभ्या असलेल्यांत मी आणि शारदा, आम्हा दोघांनाच माहीत होतं की आत्ता काय घडलं नाही.

संध्याकाळी शेठ आले. सरळ तिच्याकडे गेले. “मॅडम, तुमचा काटा मस्त चालून राह्यला.”

“काटा वानखडे भाऊचा आहे शेठ,” ती माझ्याकडे हात करून म्हणाली. “मी तोडून पाह्यला फक्त. आधी तुटला, मंग नाही तुटला.”

शेठ हसले, सर हसले, लतीफभाई “क्या बात है” म्हणाले. तिनं श्रेय मला दिलं होतं आणि त्याच वाक्यात काटा तुटल्याचंही सांगून टाकलं होतं, आणि दोन्ही खरं होतं. माणसानं थोडं तरी खोटं बोलावं, म्हणजे त्याच्यावर नीट रागावता येतं.

पुढल्या दोन हंगामांत आणखी जिनिंगवाले आले. कापसाचे दिवस काही सुधारले नाहीत, पण माडी टिकली. मग शारदाला नागपूरला एका मोठ्या दवाखान्याच्या सॉफ्टवेअरचं काम मिळालं. जाण्याआधी तिनं टेस्ट माझ्या ताब्यात द्यायच्या होत्या. मी वाट बघत होतो. अखेर ती फौज माझी होणार होती. तिनं बसून अर्ध्याअधिक टेस्ट पुसून टाकल्या.

“काय करताय हे!”

“ह्या कधीच लाल झाल्या नाही भाऊ, आन झाल्या तरी तुमी पाहणार नाही. ज्याले लाल पाहून तुमी जेवण सोडून उठान, तेवढ्याच ठेवते.” ठेवलेल्यांत साझ्याची ट्रॉली होती. मी तिला विचारलं नाही की मी जेवण सोडून उठतो हे तिला कधी दिसलं. आधी घरी जाऊन यायचं म्हणून पुसदच्या गाडीत ती चढली तेव्हा खिडकीतून ओरडून काहीतरी म्हणाली, ते गाडीच्या आवाजात मला ऐकू आलं नाही. मी मान हलवली.

नंतर एकदाच दिसली. दिवाळीनंतरचे दिवस, खरेदी जोरात. काट्यावरचा प्रिंटर अडला म्हणून लतीफभाईंनी मला बोलावलं होतं आणि मी केबिनमध्ये बसलो होतो. काचेतून पाहिलं तर काट्यावर एक ट्रॉली चढत होती आणि तिच्या पुढे शारदाचे वडील उभे होते. तिच्या तोंडावळ्यावरून मी त्यांना ओळखलं. आपली गाडी काट्यावर चढली की माणूस बाहेरच्या लाल आकड्यांवरून नजर काढत नाही. वडील पाहत होते. ट्रॅक्टरवाला पाहत होता. ट्रॉलीवरून उतरलेली माणसं माना वाकड्या करून पाहत होती. शारदा मात्र शेजारच्या कठड्यावर आकड्यांकडे पाठ करून बसली होती आणि संत्रं सोलत होती. बाजूच्या बाईला फोडी देत काहीतरी सांगत होती, आणि ते तिचं हसू काचेतूनही आत येत होतं. आकडे पळाले, थांबले. पावती निघाली. वडिलांनी ती घेतली. तिनं मान वळवली नाही.

“वो आडे मॅडम हाय ना?” लतीफभाई म्हणाले. “बुलाऊ का साब?”

“नको,” मी म्हणालो. “घाईत असतील.”

ती घाईत नव्हती. तिचा तो निवांतपणा माझ्या काट्यामुळे होता की तिनं मागे ठेवलेल्या टेस्टमुळे, एवढं विचारायला मला फक्त दार उघडून बाहेर जायचं होतं. पण विचारलं असतं तर तिनं खरं सांगितलं असतं. मी प्रिंटर पुन्हा उघडून बसलो.